जिजीची खाण

जिजी, आज दुकान उघडलं. तेराव्यानंतर मी नुसताच घरात बसून होतो. शेवटी तुझी भावजय मंगलच म्हणाली, "जा आता. तुम्ही असे बसून जिजी परत येणार आहेत का?" शटर वर केलं, उदबत्ती लावली आणि सवयीप्रमाणे फोनवर सोन्याचा भाव बघितला. मग बोट आपोआप दुसऱ्या भावाकडे गेलं, तुझ्या खाणीच्या शेअरच्या. दोन्ही बघून झाले आणि मी तुझा नंबर लावायला निघालो.

किती वर्षं चाललं आपलं हे. सकाळी पूजा आटोपून तू माझ्या फोनची वाट बघायचीस. "तुझा सांग आधी," म्हणायचीस. मी सोन्याचा सांगायचो. मग तू खाणीचा सांगायचीस, घरातल्या कुणाची तब्येत सांगावी तसा. ज्याचा भाव चढलेला असेल तो जरा जास्त वेळ बोलायचा. आज दोन्ही चढले होते. मी फोन खिशात ठेवला आणि गादीवर बसून राहिलो.

शोकसभेत तुझ्या शाळेच्या बाई तुझ्याबद्दल फार चांगलं बोलल्या. तू भूगोल कसा शिकवायचीस, तापीचा पूर सांगताना पोरी कशा गप्प व्हायच्या, सगळं खरं. पण सराफाची मुलगी असून तू हातातलं सोनं मोडलंस, त्या पैशात सोन्याच्या खाणीचा कागद घेतलास, आणि तो अर्धं आयुष्य सोडला नाहीस, हे कुणी बोललं नाही. ते मलाच लिहायला पाहिजे. त्यावरून तुझ्याशी सगळ्यात जास्त मीच भांडलोय.

जिजाजी गेले तेव्हा मेधा धड चालतही नव्हती. जसोंडीचं घर तुझं सासर, केळीच्या बागा, माणसं वाईट नव्हती. पण तुला नोकरी करायची होती. तू मेधाला काखेत घेऊन आपल्या गावी बुऱ्हाणपूरला आलीस, राजपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्यास आणि शाळेत लागलीस. बाबांनी लग्नात घातलेल्या पाटल्या तेवढ्या तुझ्याजवळ होत्या. बाबा म्हणायचे, "कुसुमच्या हातात पाटल्या आहेत तोवर मला घोर नाही."

त्या पाटल्या तुझ्या हातात कधी असायच्या, जिजी? तुझ्या जावेच्या माहेरी लग्न निघालं की तिचा निरोप यायचा. "तू तर आता घालत नाहीस, कपाटात ठेवून काय करतेस?" विधवेनं सोनं घालायचं नाही, हे ज्यांनी ठरवलं तेच ते न्यायला यायचे. तू द्यायचीस. एकदा गेलेल्या पाटल्या अख्ख्या लगीनसराईनंतर आल्या, त्यातली एक जरा चेपलेली. ती सरळ करायला माझ्याकडे घेऊन आलीस असं मला वाटलं. मी चिमटा हातात घेतला तर तू म्हणालीस, "सरळ नको करू, सुध्या. मोड."

"मोडायला काय झालं? अडचण आहे का काही?"

"अडचण नाही. मला शेअर घ्यायचेत."

बाबा तेव्हा आतल्या गादीवर होते. ते उठून बाहेर आले. आपल्या दुकानात इतक्या बायकांनी सोनं मोडलं होतं, कुणी आजारपणासाठी, कुणी विहिरीच्या मोटारीसाठी. शेअरसाठी मोडणारी पहिली बाई आपल्याच घरातली निघाली. तू कुठल्या तरी शैक्षणिक सहलीत दक्षिणेतली सोन्याची खाण बघून आली होतीस, आणि तुझ्या शाळेतल्या एका बाईंचे मिस्टर शेअरचे फॉर्म भरून द्यायचे. एवढ्या दोन गोष्टींवर तू बाबांसमोर उभी राहिलीस.

बाबा म्हणाले, "कुसुम, सोनं ते सोनं. कागद तो कागद."

तू म्हणालीस, "बाबा, कागद कुणी लग्नात घालायला मागत नाही."

बाबा परत आतल्या गादीवर जाऊन बसले. मी तुझ्यासमोर पाटल्या मुशीत टाकल्या. तू शेवटपर्यंत बघत उभी होतीस. डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी बघितलं, आलं नाही. उलट विचारलंस, "तूट किती धरलीस?" सराफाची मुलगी!

पुढची काही वर्षं मी सुखात होतो, हे तुला माहीतच आहे. सोनं जागच्या जागी होतं आणि तुझा शेअर निम्म्याच्याही खाली गेला. खाणीत पाणी शिरलं, एक भाग बंद पडला, लाभांश थांबला. राखीला आलीस की मी मुद्दाम विचारायचो, "काय म्हणते तुझी खाण?" तू राखी बांधता बांधता म्हणायचीस, "पाणी उपसणं चाललंय." पुढच्या राखीलाही तेच, पाणी उपसणं चाललंय. मंगल मला डोळ्यांनी दटावायची.

मग सोनं चढायला लागलं. मला वाटलं आता तरी तुझा शेअर त्याच्याबरोबर चढेल, पण कुठलं काय. सोनं वर आणि खाण तिथंच. त्या काळात मी तुला फार छळलं. म्हणालो, "बघ, सोन्याची खाण असून सोन्याच्या मागे पडली. डिझेल, वीज, मजुरी, सगळं तुझ्या खाणीनं गिळलं. माझ्या पाटलीला ना वीज लागते ना मजूर." हे माझं बोलणं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. तू ते कबूलही केलंस. तेवढ्यात कंपनीनं नवे शेअर काढले, म्हणजे जुन्यांचा वाटा तेवढा कमी. मी म्हणालो, "आता तुझ्या ताटातल्या वरणात पाणी ओतलं त्यांनी." तू म्हणालीस, "ओतलं खरं. पण त्या पैशात पंप आला."

आणि मग एकदम ती दुसरी वर्षं आली. सोनं थोडं चढलं की तुझा शेअर उडी मारायचा. मला त्याचं कोडं पडलं. सराफ मी, आणि कळत तुला. आपण जसोंडीला चाललो होतो, तुझ्या वाट्याच्या केळीच्या तुकड्याचं काहीतरी काम होतं. बागेच्या बांधावर तू मला सांगितलंस ते मी पुढं कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलंय.

"हे केळीचं बघ," तू म्हणालीस. "रोपं, पाणी, खत, मजूर, गाडीभाडं, सगळं जाऊन रुपयातले दहा पैसे हाती उरतात. भाव दहा पैशांनी चढला तर हातातलं दुप्पट होतं. दहा पैशांनी उतरला तर हात रिकामा. खाण अशीच आहे. सोनं चालतं, ती उड्या मारते. सोनं ठेचकाळलं की ती विहिरीत."

"मग उड्या मारतेय तोवर विकून टाक ना!"

"विहिरीत असताना विकली नाही, आता का विकू?"

"अगं, हाच तर विकायचा वखत आहे, जिजी!"

"छोड ना सुध्या. ऊन लागतंय."

तू विकले नाहीस. सोनं ठेचकाळलं आणि तुझी खाण खरंच विहिरीत गेली. वर गेलेलं सगळं खाली आलं. त्या दिवशी मात्र मी फोन केला नाही. तूच केलास. "भाव बघितलास ना? हसून घे एकदा," म्हणालीस. मला हसू आलं नाही. मेधाच्या इंजिनिअरिंगची फी तू ट्यूशन घेऊन भरत होतीस, संध्याकाळी त्या दोन खोल्यांत पोरी दाटीवाटीनं बसायच्या, आणि तिकडे तुझे पैसे असे वर-खाली चालले होते. मी तुला म्हणालो होतो की फीसाठी तरी मोड. तू म्हणालीस, "फी माझ्या हातपायांत आहे अजून. हात थकतील तेव्हासाठी ते आहे."

आपली ती सहल आठवते? तू निवृत्त झालीस आणि म्हणालीस, कंपनीची वार्षिक सभा आहे, शेअरवाल्यांना जाता येतं, चल. मी म्हटलं, वेडी झालीस का, लाभांश नाही आणि एवढं गाडीभाडं? पण निघालो. तू सुती साडी, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत आपल्या गावच्या मावा जलेबीचा डबा. "पहिल्यांदा जातोय, हात हलवत कसं जायचं?" त्या हॉलच्या दारात नावं लिहून घेणाऱ्या मुलीच्या हातात तू तो डबा ठेवलास. तिला समजेना, हे घ्यायचं की परत करायचं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

सभेत सूटबूटवाले उठत होते, इंग्रजीत विचारत होते, लाभांश का नाही, कर्ज किती. मग तू हात वर केलास. माइक तुझ्यापर्यंत आला. तू उभी राहिलीस आणि वर्गात बोलायचीस त्याच आवाजात म्हणालीस, "मैं बुरहानपुर से आई हूँ. लाभांश नहीं है, वो समझ गई. नीचे उतरनेवालों की पगार तो नहीं रुकी?"

स्टेजवरचे गृहस्थ माइककडे वाकले. म्हणाले, "नहीं माताजी. एक बार भी नहीं रुकी."

"बस," म्हणालीस आणि खाली बसलीस.

परतीच्या गाडीत मी तुला विचारलं, एवढ्यासाठी एवढ्या लांब आलीस? तू म्हणालीस, "त्यानं उत्तर देताना शेजारच्याकडे बघितलं नाही. खरं बोलत होता. मी ठेवते."

"हे काय शेअर ठेवायचं कारण झालं?"

"तुझं गिऱ्हाईक कशाला भुलतं? कसोटीच्या दगडाला का तुझ्या तोंडाला?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. जिजी, त्याचं उत्तर आता सांगतो. गिऱ्हाईक तोंडाला भुलतं हे खरं, आणि म्हणूनच गिऱ्हाईक फसतं. तुझी खाण टिकली. आपल्याच गावात दोघा-तिघांनी दुसऱ्या खाणींचे कागद घेतले होते, त्यांचेही साहेब असेच नजरेला नजर देऊन बोलले असतील. त्या खाणी बंद पडल्या, त्यांचे कागद रद्दीत गेले. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तुझ्या चिकाटीला मी हात जोडतो, पण त्यात नशिबाचा वाटा होता हे तू कधी मान्य केलं नाहीस. हे भांडण अजून बाकी आहे आपलं.

दोन वर्षांमागे तुझ्या घरमालकांची मुलं आली. जुने मालक जाऊन बरेच दिवस झाले होते. मुलं तुझ्याच हाताखाली शिकलेली, मान खाली घालून उभी. "मॅडम, मकान बेचना है. पहले आपको पूछ रहे हैं." तू त्यांना चहा दिलास आणि थोडे दिवस मागून घेतलेस.

मेधा पुण्याहून म्हणाली, इकडे ये. मी म्हणालो, माझ्याकडे ये, वरची खोली रिकामीच आहे. तू म्हणालीस, "तू दुकानात, मंगल देवळात, मी वरच्या खोलीत काय करू? इथं दारात बसले की गल्ली बोलते माझ्याशी." मग म्हणालीस, "दोन खोल्या आणि पुढचा ओटा, एवढं ते मला वेगळं लिहून देतायत. मी शेअर विकते."

आणि तेव्हा, जिजी, मी काय म्हणालो? मी म्हणालो, विकू नकोस! सोनं आभाळाला चाललं होतं, तुझी खाण त्याच्याही पुढं. मी रोज भाव बघत होतो, माझंच डोकं फिरलं होतं. "अजून चढेल, जिजी. सहा महिने थांब. एवढी वर्षं थांबलीस आणि आता घाई?"

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "आयुष्यभर विक विक म्हणालास. आज विकते तर ठेव म्हणतोस. सुध्या, तुझा धंदा कसा चालतो रे?"

मेधा आली होती. तिनं फोनवर सगळं लावून दिलं, शेवटचं बटण तू दाबलंस. पाटल्या मुशीत टाकल्या तेव्हाचा तुझा चेहरा मला आठवत होता. हा तसाच होता. थोडेसे शेअर तू ठेवलेस. "अगदीच नातं तोडायला नको," म्हणालीस.

रजिस्ट्री झाली त्या दिवशी मी पेढे घेऊन आलो, तर तू स्टुलावर उभी, हातात हातोडी. मी ओरडलो. तू म्हणालीस, "पकड स्टूल." इतकी वर्षं त्या भिंतीत तू एक खिळा मारला नव्हतास. जुन्या मालकांना चालत नसे, आणि मालक नसतानाही तू मारला नाहीस. भारताचा मोठा नकाशा कपाटामागे गुंडाळून पडलेला होता, जिजाजींचा फोटो फळीवर टेकवून ठेवलेला. त्या दिवशी दोन्ही भिंतीवर गेले. मग तुला चटकच लागली. छत्रीला खिळा, पिशवीला खिळा, कॅलेंडरला खिळा. मेधा म्हणाली, "आई, भिंत पडेल." तू म्हणालीस, "पडली तर माझी पडेल."

शेअर त्यानंतर आणखी चढला. मी बजावल्यासारखाच चढला. मी तुला रोज सांगायचो. एकदा वैतागून म्हणालीस, "तो वर गेला म्हणून माझ्या भिंती खाली आल्या का? नको सांगू मला आता." पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उचलल्यावर पुन्हा तेच, "तुझा सांग आधी."

शेवटच्या आजारात दवाखान्यात तू मला विचारलंस, "हिशोब केलास का रे?" मी केला होता, तू विचारशील म्हणून. म्हणालो, "जिजी, खरं सांगू? मधली सगळी वर्षं पाटल्या पुढं होत्या. शेवटच्या थोड्या काळात खाण पुढं गेली. बाबा होते तेव्हा मोजलं असतं तर बाबा जिंकले असते. आज मोजलं तर तू. कुठं उभं राहून मोजायचं त्यावर आहे. पण पाटल्या नुसत्या कपाटात ठेवल्या असत्यास तरी दोन खोल्या आल्या असत्या. ओटा कदाचित नसता आला."

तू डोळे मिटून ऐकत होतीस. मग हळूच म्हणालीस, "पण पाटल्या कपाटात राहिल्या असत्या का?"

नर्स सलाईन बदलायला आली. मला बाहेर काढलं. मेधाचा फोन आला, ती स्टेशनवर उतरली होती, तिला घ्यायला गेलो. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं, आणि राहिलंच.

नसत्या राहिल्या, जिजी. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी जन्मभर त्या गादीवर बसलोय. लग्नात इथून गेलेलं सोनं बाळंतपणाला, बोअरिंगला, दिराच्या दुकानाला, नणंदेच्या लग्नाला याच काउंटरवर परत येतं. आणणारी बाई पदराखालून पुडी काढते, आणि बहुतेक वेळा ते सोनं मोडायचं तिच्या मनात नसतं, दुसऱ्याच कुणाच्या तरी मनात असतं. कपाटात इतकी वर्षं निवांत पडून राहिलेली पाटली माझ्या हिशोबात होती, माझ्या गावात मी ती बघितली नाही. मी एका खऱ्या शेअरची तुलना एका न राहणाऱ्या पाटलीशी करत होतो. हे तुला तेव्हाच कळलं होतं, चेपलेली पाटली हातात होती तेव्हा. मला कळायला केस पांढरे झाले. वर सांगितलेलं नशिबाचं मात्र मी मागे घेत नाही.

मेधा काल पुण्याला गेली. खोल्या विकायच्या नाहीत म्हणाली, सुट्टीत मुलांना घेऊन येईल. उरलेले शेअर तिच्या नावावर होतील, ते ठेवायचे की विकायचे हे तिनं मला विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही. किल्ली माझ्याकडे आहे.

आज दुपारी दुकान मुलावर टाकून तुझ्याकडे गेलो. खिडक्या उघडल्या, तुळशीला पाणी घातलं, ओट्यावर बसलो. समोरच्या भाभी म्हणाल्या, "भैया, चाय लाऊँ?" म्हटलं, आणा. तेवढ्यात नगरपालिकेचा एक पोरगेला माणूस आला, घरपट्टीची नवी नोंद करत गल्लीत फिरत होता. त्यानं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाबूजी, ये मैडमवाले कमरे ना? किराएदार का नाम बताइए."

"किराएदार कोई नहीं है," मी म्हणालो.

"तो मकान मालिक का नाम?"

मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि पुढच्या दाराकडे गेला.